एएस/४०० चं साइन-ऑन आणि बाहेरून येणाऱ्या वाटा कशा बंदिस्त कराव्यात

वडोदऱ्याजवळच्या मकरपुरा, नंदेसरी, वाघोडिया आणि पुढे हालोलपर्यंतच्या पट्ट्यात काही जुन्या कारखान्यांचा स्टोअर, डिस्पॅच आणि हिशेब आजही हिरव्या स्क्रीनवर, म्हणजे एएस/४०० च्या फक्त अक्षरं दाखवणाऱ्या पडद्यावर, चालतो. १९८८ साली एएस/४०० म्हणून आलेलं आयबीएम कंपनीचं हे संगणक-यंत्र पुढे आयसिरीज झालं, सिस्टिम आय झालं आणि २००८ पासून पॉवर सर्व्हरवर चालणारं आयबीएम आय झालं. तोंडात मात्र 'एएस फोर हंड्रेड'च राहिलं आहे. या यंत्राबद्दल एक समज पक्का बसला आहे, की ते मुळातच सुरक्षित असतं. ते सुरक्षित करता येतं, आणि फार चांगलं करता येतं. पण करावं लागतं.

मुख्य अडचण अशी की आपल्या बहुतेक यंत्रांवरची सुरक्षा मेन्यूवर उभी आहे. स्टोअरवाल्या भाईंनी साइन-ऑन केलं, म्हणजे नाव आणि पासवर्ड देऊन आत आले, की त्यांना स्टॉकचा मेन्यू दिसतो, कमांड लाइन बंद असते, म्हणून आपण निर्धास्त. तेच भाई त्याच नावाने आणि त्याच पासवर्डने एक्सेलमधून ओडीबीसीने, म्हणजे थेट डेटाबेसपर्यंत नेणाऱ्या जोडणीने, जोडले, तर तिथे मेन्यू नसतो. तिथे यंत्र फक्त एवढंच पाहतं की या युजरला त्या फाइलवर काय अधिकार आहे. अधिकार पूर्ण असेल तर रेट मास्टर उघडेल आणि बदलेलही. या लेखातली प्रत्येक पायरी शेवटी या एका गोष्टीपाशी येते.

कमांडची नावं इथे आपण बोलताना घेतो तशी लिहिली आहेत. यंत्रावर ती नेहमीच्या संक्षेपात टाकायची. संक्षेप आठवला नाही तर 'गो सेकटूल्स' हा मेन्यू उघडा, सुरक्षेची बरीचशी साधनं तिथे ओळीने दिसतात. सिस्टिम व्हॅल्यूंसाठी, म्हणजे सगळ्या यंत्राला लागू होणाऱ्या सेटिंगांसाठी, 'वर्क सिस्टिम व्हॅल्यू'ला 'स्टार-सेक' हा प्रकार द्या ('स्टार' म्हणजे नावाआधीचं * चिन्ह), म्हणजे त्यातल्या बहुतेक एकाच यादीत येतात.

हात लावण्याआधी

सगळ्यात आधी परतीची वाट तयार ठेवा. 'सेव्ह सेक्युरिटी डेटा' चालवून सगळे युजर प्रोफाइल आणि अधिकार टेपवर किंवा सेव्ह फाइलमध्ये घ्या. सध्याच्या सिस्टिम व्हॅल्यूंची छापील यादी काढा. क्यूसेकऑफर या यंत्राच्या सर्वाधिकारी प्रोफाइलखेरीज तेवढ्याच अधिकारांचं दुसरं एक प्रोफाइल तयार ठेवा आणि त्याने एकदा खरोखर साइन-ऑन करून पाहा. एखादी व्हॅल्यू बदलताना एक सेशन उघडंच ठेवा आणि दुसऱ्यातून तपासा.

सर्व्हिस टूल्सचे पासवर्ड वेगळे असतात, हे फार वेळा विसरलं जातं. 'स्टार्ट एसएसटी'मधून दिसणारे सर्व्हिस टूल्सचे युजर आयडी युजर प्रोफाइलपासून अलग आहेत. तिथलं क्यूसेकऑफर हे साइन-ऑनच्या क्यूसेकऑफरपेक्षा निराळं आहे, आणि डिस्क, पार्टिशन (एकाच यंत्राचे स्वतंत्र भाग), क्यूसेकऑफरचा पासवर्ड रीसेट हे सगळं तिथून होतं. ते पासवर्ड कुणाकडे आहेत हे विचारा. उत्तर 'यंत्र बसवून गेलेल्या इंजिनिअरकडे' असं आलं, तर आजचं काम तेच. एचएमसी, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारं कन्सोल, आणि एएसएमआय, म्हणजे सर्व्हरच्या हार्डवेअरची सेटिंगची पानं, यांचे कारखान्यातून येणारे पासवर्ड जगजाहीर आहेत. तेही बदला आणि ही दोन्ही ऑफिसच्या सर्वसाधारण नेटवर्कवर ठेवू नका.

मग 'नेटस्टॅट'चा तिसरा पर्याय उघडून कोणकोणते पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याची दारं, ऐकत बसले आहेत ते उतरवून घ्या. त्या यादीसमोर बसून प्रत्येक ओळीला 'हे कोण वापरतं?' असं विचारायचं. निम्म्या ओळींना उत्तर मिळत नाही, आणि पुढचं काम तिथूनच निघतं.

सुरक्षेची पातळी

क्यूसेक्युरिटी ही सिस्टिम व्हॅल्यू पाहा. २० असेल तर पासवर्ड लागतो, पण नवीन युजरला सगळ्या ऑब्जेक्टांचा, म्हणजे फाइली, प्रोग्रॅम, लायब्ररी यांचा, अधिकार आपोआप मिळतो. म्हणजे आत आलेला माणूस मालक. ३० ला ऑब्जेक्टचे अधिकार तपासले जातात. ४० ला यंत्राच्या आतल्या भागाला आडवाटेने हात घालणारे प्रोग्रॅम अडवले जातात. नवीन यंत्र ४० वरच येतं आणि तुमचंही किमान ४० असायला हवं. ५० ही त्याहून कडक पातळी. आयबीएम आयच्या ७.५ या आवृत्तीपासून तर २० वर जाण्याची सोयच काढून टाकली आहे.

३० वरून ४० ला जाताना घाई नको. आधी ऑडिट जर्नल, म्हणजे सुरक्षेच्या घटनांची नोंदवही, चालू करा आणि त्यात अधिकार नाकारल्याच्या व प्रोग्रॅम फसल्याच्या नोंदी येऊ द्या. एक महिनाअखेर आणि एक जीएसटीची धावपळ त्यात येईल इतका काळ थांबा. एएफ प्रकारच्या नोंदींत डी, जे किंवा एस असे उपप्रकार दिसले, तर कोणता प्रोग्रॅम किंवा कोणती जॉब डिस्क्रिप्शन ४० वर अडेल ते आधीच कळतं. २० वरून वर जाणं जास्त नाजूक आहे, कारण तेव्हा युजरचे विशेष अधिकार युजर क्लासप्रमाणे नव्याने ठरतात आणि आजवर कुणी न दिलेले ऑब्जेक्टचे अधिकार एकदम लागतात. त्यासाठी वेगळा आराखडा आणि चाचणीचं पार्टिशन हवं.

बदल पुढच्या आयपीएलला, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू होताना, लागू होतो. आपल्याकडे दिवाळी ते लाभपाचम कारखाना बंद असतो, ती वेळ याला उत्तम. पासवर्डची पातळी त्याच आयपीएलला बदलू नका. काही बिघडलं तर कशामुळे ते कळणार नाही. तिला उत्तरायणच्या सुट्ट्यांपर्यंत थांबू द्या.

युजर प्रोफाइल: खरी साफसफाई इथे

'ॲनालाइझ डिफॉल्ट पासवर्ड' ही कमांड, कारवाई 'स्टार-नन' ठेवून चालवा. ज्यांचा पासवर्ड आणि युजरचं नाव एकच आहे, त्यांची यादी निघते. ७.५ च्या आधी नवीन प्रोफाइल बनवताना पासवर्डचा रकाना तसाच सोडला, तर युजरचं नावच पासवर्ड होत असे. आता तो 'स्टार-नन' होतो. त्यामुळे जुन्या यंत्रांवर ही यादी लांब निघाली तर नवल नाही. त्यात बॅच जॉबचे, प्रिंटरचे, दुसऱ्या सिस्टिमशी जोडणीचे आयडीही असतील, म्हणून आधी यादी वाचायची. माणसांच्या आयडींना पासवर्ड एक्स्पायर करा, बेवारस आयडी डिसेबल करा, आणि ज्याने कुणी साइन-ऑन करायचंच नाही अशा आयडीला पासवर्ड 'स्टार-नन' ठेवा. ग्रुप प्रोफाइल आणि ॲप्लिकेशनचे मालक प्रोफाइल या शेवटच्या गटात येतात.

नंतर 'ॲनालाइझ प्रोफाइल ॲक्टिव्हिटी'. इतके दिवस न वापरलेला आयडी आपोआप डिसेबल होतो. ९० दिवस ही चालण्याजोगी मर्यादा आहे. पण 'चेंज ॲक्टिव्ह प्रोफाइल लिस्ट'मधून अपवाद आधी भरून ठेवा, नाहीतर वर्षातून एकदाच मार्चमध्ये येणाऱ्या ऑडिटरचा आयडी किंवा वर्षअखेरच्या बॅचचा आयडी नेमका हवा तेव्हा बंद असतो.

विशेष अधिकारांसाठी 'प्रिंट युजर प्रोफाइल' अधिकारांच्या माहितीसह काढा. 'स्टार-ऑलऑब्जेक्ट' कुणाकुणाला आहे? हा अधिकार असलेल्याला कोणतीही फाइल बंद नसते, त्याच्यासाठी पुढची सगळी मेहनत फुकट जाते. 'स्टार-सेकॲडमिन', 'स्टार-जॉबकंट्रोल', 'स्टार-स्पूलकंट्रोल' यांचीही तीच छाननी. स्पूलकंट्रोलकडे दुर्लक्ष होतं, पण पगारपत्रक छापायला गेलं की ते स्पूल फाइलमध्येच, म्हणजे छपाईच्या रांगेत, पडलेलं असतं. प्रोग्रॅमरला प्रॉडक्शनवर ऑलऑब्जेक्ट रोज लागत नाही. अडचणीच्या वेळी वापरायचा वेगळा आयडी ठेवा, तो वापरला की ऑडिटमध्ये दिसू द्या.

आता सामायिक आयडी. गेटवर 'गेट१', काट्यावर 'काटा', गोडाऊनमध्ये 'स्टोअर' अशा नावांनी तीन शिफ्टची माणसं एकाच पासवर्डने काम करतात आणि तो पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. गाडी चुकीच्या वजनाने बाहेर गेली तर कुणी नोंद केली ते कधीच सापडत नाही. माणसागणिक आयडी द्या. विरोध होतो, कारण शिफ्ट बदलताना साइन-ऑफ आणि साइन-ऑन करायला वेळ लागतो. त्यांची तक्रार खरी आहे, म्हणून त्यांच्यासाठी सुरुवातीचा प्रोग्रॅम थेट त्यांच्या कामाच्या स्क्रीनवर नेणारा ठेवा. तेवढं केलं की बहुतेक माणसं ऐकतात.

प्रत्येक सामान्य युजरला मर्यादित क्षमता, म्हणजे लिमिट कॅपॅबिलिटीज, 'स्टार-येस' ठेवा. त्याने कमांड लाइन जाते आणि साइन-ऑनच्या पडद्यावर प्रोग्रॅम, मेन्यू, लायब्ररी बदलून आत शिरता येत नाही. पण ही मर्यादा हिरव्या स्क्रीनपुरतीच धरून चाला.

पासवर्डची पातळी आणि नियम

क्यूपीडब्ल्यूडीएलव्हीएल या व्हॅल्यूत शून्य असेल, तर पासवर्ड जास्तीत जास्त १० अक्षरांचा असतो आणि लहान-मोठ्या अक्षरांत फरक केला जात नाही. आजच्या काळात हे कमी आहे. २ वर गेलात की १२८ अक्षरांपर्यंतचं वाक्यच पासवर्ड म्हणून घेता येतं, त्यात मोकळी जागा चालते आणि लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. ३ त्याच नियमांची, पण खूप जुन्या विंडोजसाठी ठेवलेले कमकुवत पासवर्ड काढून टाकणारी पातळी. ४ ही ७.५ मध्ये आली. तिच्यात पासवर्ड साठवण्याची पद्धत पीबीकेडीएफ२ आणि शा-५१२ या जास्त कडक पद्धतींवर नेली आहे.

आधी २ वर जा आणि तिथे काही महिने राहा. २ वरून मागे फिरता येतं. ३ वरून थेट ० किंवा १ वर येता येत नाही, २ वर थांबावंच लागतं. जाण्याआधी 'प्रिंट युजर प्रोफाइल'मध्ये पासवर्ड पातळीचा अहवाल काढून, वरच्या पातळीवर चालेल असा पासवर्ड कुणाकुणाचा साठलेला नाही ते पाहा आणि तेवढ्यांचा आधी बदलून घ्या. आयपीएलनंतर त्यांनाच अडचण येणार असते.

त्याहून मोठी अडचण माणसांची नसून स्क्रिप्टची असते. बारकोडचं सॉफ्टवेअर, एखादी जुनी व्हीबी युटिलिटी, बँकेला फाइल पाठवणारी बॅच, यांत पासवर्ड कॅपिटलमध्ये लिहून ठेवलेला असतो. काहींचा रकाना दहाच अक्षरांचा असतो. त्यांची यादी काढून एकेक तपासा. तुमच्याकडे साइन-ऑनचा पडदा बदलून कंपनीचं नाव टाकलेलं असेल तर तोही पाहावा लागेल. लांब पासवर्डसाठी क्यूडीसाइनऑन२ या डिस्प्ले फाइलवरून नवा बनवायचा असतो.

नियमांसाठी क्यूपीडब्ल्यूडीआरयूएलईएस ही एकच व्हॅल्यू वापरा. ती भरली की जुन्या पसरलेल्या बहुतेक पासवर्ड-व्हॅल्यूंकडे यंत्र पाहत नाही. किमान लांबी १४, पासवर्डमध्ये युजरचं नाव नको, आणि हे नियम प्रोफाइल बनवताना किंवा बदलतानाही लागू, ज्यासाठी 'स्टार-ऑलक्रिएटचेंज' हा पर्याय ७.२ पासून आहे. नाहीतर ॲडमिन स्वतः 'वेलकम१' देत राहतो. माझं मत असं की लांब वाक्य आणि वर्षातून एकदा बदल हे, दर महिन्याला बदलायला लावून शेवटचा आकडा वाढवत नेण्यापेक्षा बरं. ऑडिटर ९० दिवसांचा आग्रह धरत असतील तर तो पाळा, पण लांबीत तडजोड करू नका. लोकांना समजावताना सांगा: एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द, रोमन अक्षरांत. सुरसागर, लेहरीपुरा आणि पुढे जन्मसाल, हे वडोदऱ्यातला कुणीही आधी करून पाहील. डॉलर, ॲट आणि हॅश ही चिन्हं टाळलेली बरी. भाषेच्या कोडपेजप्रमाणे त्यांची जागा बदलते आणि एखाद्या टर्मिनलवरून पासवर्ड लागत नाही.

साइन-ऑनच्या पडद्यापाशी

चुकीचे किती प्रयत्न चालतील ते क्यूमॅक्ससाइन ठरवते. ३ ते ५ ठीक. प्रयत्न संपल्यावर काय करायचं ते दुसरी व्हॅल्यू ठरवते: १ म्हणजे फक्त डिव्हाइस बंद, २ म्हणजे प्रोफाइल बंद, ३ म्हणजे दोन्ही. टेलनेटवरून, म्हणजे नेटवर्कवरून हिरवी स्क्रीन उघडून, येणाऱ्याला आपोआप नवीन व्हर्च्युअल डिव्हाइस मिळत असेल, तर १ ला काही अर्थ उरत नाही. एक डिव्हाइस बंद पडलं की तो दुसरं घेऊन पुन्हा सुरू करतो. म्हणून २ किंवा ३. क्यूऑटोव्हीआरटीमध्ये व्हर्च्युअल डिव्हाइसची संख्या 'स्टार-नोमॅक्स' ठेवली असेल तर ती गरजेइतकीच करा. क्यूसेकऑफर कुणी बाहेरून मुद्दाम चुकीचे प्रयत्न करून डिसेबल केलं, तरी कन्सोलवरून त्याने साइन-ऑन करता येतं, म्हणून कन्सोल कुठे आहे आणि त्या खोलीची चावी कुणाकडे आहे हेही या कामाचाच भाग समजा. शक्तिशाली आयडी कोणत्याही डिव्हाइसवरून चालू नयेत यासाठी क्यूएलएमटीसेकऑफर १ ठेवा.

क्यूडीएसपीसाइनइन्फ चालू करा. मग साइन-ऑन होताच युजरला त्याचं मागचं साइन-ऑन केव्हा झालं आणि त्यानंतर किती चुकीचे प्रयत्न झाले ते दिसतं. अकाउंटमधल्या बेनना एकदा नीट सांगितलं, तर 'मी तर रविवारी आलेच नव्हते' हा फोन तुम्हाला कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधी येईल. चुकीच्या प्रयत्नावर येणारा संदेशही तपासा. युजर अस्तित्वात नाही आणि पासवर्ड चुकला, या दोन्हींसाठी वेगळे संदेश दिसत असतील तर सीपीएफ११२० आणि सीपीएफ११०७ या दोन्ही संदेशांचा मजकूर 'चेंज मेसेज डिस्क्रिप्शन'ने एकसारखा करा. नाहीतर खरी नावं कोणती ते बाहेरच्याला फुकटात कळतं.

निष्क्रिय सेशनसाठी क्यूइनॲक्टआयटीव्ही मुळात बंद असते. ऑफिसला ३० मिनिटं पुरतात. वेळ संपल्यावर जॉब संपवायचा की डिस्कनेक्ट करायचा, हे पुढची व्हॅल्यू सांगते. अर्धवट भरलेलं चलान जाऊ नये म्हणून डिस्कनेक्ट बरा वाटतो, पण तो कामाला यायचा तर प्रत्येक पीसीच्या सेशनला पक्कं वर्कस्टेशन नाव द्यावं लागतं, म्हणजे माणूस परत येतो तेव्हा त्याला त्याचाच जॉब मिळतो.

बाहेरून येणाऱ्या वाटा

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीच्या पुराने निम्मं शहर घरात अडकलं होतं. अशा आठवड्यात घरून काम करण्याची मागणी येते आणि राउटरवर एखादा पोर्ट 'दोन दिवसांपुरता' उघडला जातो. तो तसाच राहिलाय का ते आज पाहा. टेलनेटचा २३ असो, टीएलएस (मजकूर गुप्त करून पाठवणाऱ्या) टेलनेटचा ९९२ असो की विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, यांतलं काहीही थेट इंटरनेटवर दिसता कामा नये. बाहेरच्या माणसाने आधी व्हीपीएनमध्ये, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित बोगद्यात, यायचं, तिथे पासवर्डशिवाय दुसरा पुरावा द्यायचा, आणि व्हीपीएननेही त्याला आयबीएम आयच्या ठरावीक पोर्टांपर्यंतच सोडायचं. अकाउंटच्या पीसीवर कुणी 'सपोर्टसाठी' टाकून ठेवलेलं, माणूस समोर नसतानाही चालणारं रिमोट सॉफ्टवेअर ही तेवढीच मोठी वाट आहे.

आता आतली वाहतूक. साधं टेलनेट युजरचं नाव आणि पासवर्ड उघड्याने पाठवतं. ते टीएलएसवर नेण्याचा क्रम असा.

'स्टार्ट टीसीपी सर्व्हर'ने एचटीटीपीचा ॲडमिन सर्व्हर चालू करा आणि पोर्ट २००१ वरून डिजिटल सर्टिफिकेट मॅनेजर गाठा. कंपनीची स्वतःची सर्टिफिकेट ऑथॉरिटी असेल तर तिच्याकडून सर्टिफिकेट घ्या, नसेल तर इथेच लोकल ऑथॉरिटी तयार करा. 'स्टार-सिस्टिम' स्टोअरमध्ये सर्व्हरचं सर्टिफिकेट बनवा. लोक कनेक्शनमध्ये जे होस्टनेम टाकतात तेच नाव त्यात असायला हवं. मग ते टेलनेट सर्व्हरला, साइन-ऑन, डेटाबेस, रिमोट कमांड, फाइल, सेंट्रल, डेटा क्यू आणि नेटवर्क प्रिंट या होस्ट सर्व्हरांना (पीसीशी जोडणीसाठी यंत्रावर चालणारे प्रोग्रॅम), डीडीएमला (दुसऱ्या यंत्रावरच्या फाइल उघडण्याची सोय) आणि वापरात असेल तर एफटीपीला नेमून द्या. सर्व्हर बंद करून चालू करा. टेलनेट बंद होताना चालू सेशन तुटतात, तेव्हा हे शिफ्टच्या मधे करू नका.

'नेटस्टॅट'मध्ये आता ९९२ आणि ९४७० ते ९४७६ दिसले पाहिजेत. साध्या होस्ट सर्व्हरांचे पोर्ट ८४७० ते ८४७६, आणि पोर्ट शोधून देणारा सर्व्हर ४४९ वर असतो. पीसीवर ॲक्सेस क्लायंट सोल्यूशन्स या आयबीएमच्या जोडणीच्या प्रोग्रॅममध्ये सिस्टिमच्या कॉन्फिगरेशनला टीएलएस लावा, ऑथॉरिटीचं सर्टिफिकेट की मॅनेजमेंटमधून घ्या, आणि ५२५०, म्हणजे हिरव्या स्क्रीनच्या, सेशनच्या सुरक्षेच्या पानावर वेगळं टीएलएस निवडा. दोन्ही ठिकाणी करावं लागतं. कुणाच्या पीसीवर अजून जुनं ॲक्सेस फॉर विंडोज असेल तर ते काढा, त्याचा सपोर्ट एप्रिल २०१९ मध्येच संपला.

लगेच २३ बंद करू नका. काही आठवडे त्यावर कोण येतं ते उतरवा. गोडाऊनमधले हँडहेल्ड स्कॅनर आणि प्रिंटर सेशन शेवटी उरतात, कारण त्यांच्यातल्या जुन्या टेलनेटला टीएलएस १.२ येत नाही, आणि ७.४ पासून यंत्र मुळात १.२ व १.३ च बोलतं. स्कॅनर बदलेपर्यंत त्यांना वेगळ्या व्हीएलएएनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या अलग भागात, ठेवा आणि फायरवॉलवर २३ फक्त तेवढ्याच पत्त्यांना उघडा. स्कॅनरसकट सगळं हललं की 'चेंज टेलनेट ॲट्रिब्यूट्स'मध्ये टीएलएस 'स्टार-ओन्ली' करा. सर्टिफिकेटची मुदत कधी संपते ते तुमच्या आणि साहेबांच्या, दोघांच्या कॅलेंडरमध्ये लिहा. ती संपली की एका सकाळी कुणालाच आत येता येत नाही, आणि घाबरून कुणीतरी २३ पुन्हा उघडतं.

बाकीच्या वाटांबद्दल थोडक्यात. एफटीपी लागत नसेल तर आपोआप सुरू होणं बंद करा. लागत असेल तर एसएसएचवरचं एसएफटीपी वापरा, पासवर्डऐवजी किल्लीने, आणि कोणते युजर येऊ शकतात ते कॉन्फिगरेशनमध्ये नावानिशी लिहा. 'चेंज डीडीएम टीसीपी ॲट्रिब्यूट्स' उघडून पासवर्ड लागतो याची खात्री करा. जुन्या यंत्रांवर ते फक्त युजर आयडीवर सोडलेलं असतं, म्हणजे नाव माहीत असलेला कुणीही आत. नेटसर्व्हरने, म्हणजे विंडोजला फोल्डर दाखवणाऱ्या सोयीने, रूट डिरेक्टरी शेअर केली असेल तर आजच काढा. रूटवर मुळातच स्टार-पब्लिकला, म्हणजे वेगळा अधिकार न दिलेल्या प्रत्येकाला, सगळे अधिकार असतात, आणि एखाद्या पीसीत रॅन्समवेअर शिरलं तर त्या ड्राइव्हच्या अक्षरामागे असलेलं सगळं त्याला सापडतं. लागतील तेवढेच फोल्डर, आणि शक्य तिथे फक्त वाचण्यापुरते शेअर करा. शेअरमधून लायब्ररींकडे जाणारी वाट क्यूपीडब्ल्यूएफसर्व्हर या ऑथरायझेशन लिस्टवर स्टार-पब्लिकला वगळून बंद होते, ऑलऑब्जेक्टवाल्यांसाठी सोडून.

अधिकार: ज्याच्यावर सगळं उभं आहे

जुन्या पॅकेजांमध्ये एक रचना सर्रास आढळते: एक ग्रुप प्रोफाइल, तेच सगळ्या डेटा फाइलचं मालक, आणि कंपनीतला प्रत्येक युजर त्या ग्रुपचा सदस्य. मेन्यू होता तोवर चाललं. आज याचा अर्थ असा की साइन-ऑन करू शकणारा प्रत्येक जण ओडीबीसीवरून प्रत्येक फाइलचा मालक आहे.

ही गाठ सोडवायला वेळ लागतो. दिशा अशी: ज्याला पासवर्ड नाही आणि ज्याचा कुणी सदस्य नाही असं वेगळं मालक प्रोफाइल बनवा. फाइलची मालकी त्याला द्या. प्रोग्रॅम मालकाचा अधिकार घेऊन चालतील असे करा, म्हणजे हिरव्या स्क्रीनवरून काम पूर्वीसारखंच होतं. मग युजरांचा फाइलवरचा थेट अधिकार वाचण्यापुरता किंवा पूर्ण बंद करा. कुणाला नेमका किती अधिकार लागतो ते अंदाजाने ठरवू नका, ७.३ पासून 'स्टार्ट ऑथॉरिटी कलेक्शन' आहे, ते त्या युजरच्या कामातून कोणत्या ऑब्जेक्टला कोणता अधिकार खरोखर लागला ते टिपून ठेवतं. एका विभागापासून सुरू करा. मी डिस्पॅच निवडेन, कारण तिथे फाइली कमी आणि काम ठरावीक असतं. पगाराच्या लायब्ररीला मात्र रांगेत थांबवू नका, तिच्यावर स्टार-पब्लिक 'स्टार-एक्स्क्लूड', म्हणजे पूर्ण बंदी, आधी लावा.

हे होईपर्यंतचा आडोसा म्हणजे 'वर्क फंक्शन युसेज'. त्यातलं क्यूआयबीएम_डीबी_झेडडीए हे फंक्शन ओडीबीसी, जेडीबीसी आणि ॲक्सेस क्लायंटचं डेटा ट्रान्सफर यांना एकत्र लागू होतं. मुळात ते सर्वांना खुलं असतं. ते सर्वांना बंद करून ज्यांना रिपोर्ट खरोखर लागतात त्यांनाच नावाने उघडा. विकत काही घ्यावं लागत नाही आणि प्रोग्रॅमही लिहावा लागत नाही. याहून बारीक नियंत्रण हवं असेल, जसं की अमुक पत्त्यावरूनच किंवा अमुक लायब्ररीच, तर 'वर्क रजिस्ट्रेशन इन्फो'मधल्या एक्झिट पॉइंटांवर, म्हणजे यंत्र मधे थांबून तुमचा प्रोग्रॅम बोलावतं त्या जागांवर, प्रोग्रॅम लावता येतात. ती यादी नाहीतरी एकदा वाचा. टेलनेटच्या एक्झिट पॉइंटवर कुणी पूर्वी आपोआप साइन-ऑन करून देणारा प्रोग्रॅम लावून गेला असेल, तर तो इथेच दिसेल. आणि स्वतः लिहिलात तर चाचणीशिवाय लावू नका, कारण चुकलेला एक्झिट प्रोग्रॅम सगळ्यांनाच बाहेर ठेवतो.

दुसरा पुरावा

एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ७.६ पासून मोबाइलवरचा वेळेनुसार बदलणारा कोड यंत्राच्या साइन-ऑनलाच लावता येतो. त्यासाठी पासवर्डची पातळी ४ लागते आणि ७.६ ला पॉवर१० किंवा पुढचं हार्डवेअर. जुन्या यंत्रावर असाल तर दुसरा पुरावा व्हीपीएनवर घ्या, आणि ऑलऑब्जेक्ट असलेल्या आयडींना एका ठरावीक जंप सर्व्हरवरूनच, म्हणजे मधल्या राखीव यंत्रावरूनच, यायला लावा. पुण्या-मुंबईहून सपोर्ट देणाऱ्याचा आयडी कायम चालू ठेवू नका. 'चेंज ॲक्टिव्हेशन शेड्यूल एंट्री'ने तो ठरावीक दिवशी, ठरावीक तासांतच चालू होतो, आणि कंत्राट संपण्याची तारीख प्रोफाइलमध्येच टाकता येते.

नजर ठेवणं

'चेंज सेक्युरिटी ऑडिटिंग'ने ऑडिट जर्नल सुरू केलंच असेल. त्यातल्या पीडब्ल्यू नोंदी रोज सकाळी पाहा. उपप्रकार पी म्हणजे पासवर्ड चुकला, यू म्हणजे असं नावच नाही. सोमवारी सकाळी पी वाढतात, ते माणसांचं विसरणं. रात्री दोन वाजता यू दिसले आणि नावं 'ॲडमिन', 'रूट', 'टेस्ट' अशी असली, तर कुठलं तरी स्कॅनर तुमच्या यंत्रापर्यंत पोचलं आहे. एकतर एखादा पोर्ट बाहेर उघडा आहे किंवा आतला एखादा पीसी बाधित आहे, आणि नोंदीतला पत्ता दोन्हींतलं कोणतं ते सांगतो. सीपी नोंदींत प्रोफाइलचे बदल दिसतात. रात्री कुणाला ऑलऑब्जेक्ट मिळाला तर तो इथे सापडेल. नवरात्रीच्या नऊ रात्री आणि दिवाळीच्या बंदमध्ये हे काम कुणाकडे, ते आधीच ठरवा.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवायचे असतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. त्यामुळे जर्नल रिसीव्हर, म्हणजे ऑडिटच्या नोंदी साठवणारे ऑब्जेक्ट, जागा भरली म्हणून पुसू नका. ते दुसऱ्या यंत्रावर हलवा, जिथे या यंत्राच्या ऑलऑब्जेक्टवाल्याचा हात पोचत नाही. घड्याळही बरोबर ठेवा, नाहीतर फायरवॉलच्या आणि एएस/४०० च्या नोंदी जुळत नाहीत.

कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी एचआरकडून तुम्हाला निरोप आला पाहिजे, आठवड्याने नाही. प्रोफाइल लगेच डिसेबल करा, पण डिलीट करू नका. आधी त्याच्या मालकीचे ऑब्जेक्ट आणि 'वर्क जॉब शेड्यूल एंट्रीज'मध्ये त्याच्या नावाने चालणारे रात्रीचे जॉब दुसऱ्याकडे द्या. व्हीपीएनचा आयडी, एसएसएचची किल्ली, सर्व्हिस टूल्सचा आयडी आणि त्याला माहीत असलेले सामायिक पासवर्ड ही चार ठिकाणं त्याच संध्याकाळी बंद करा किंवा बदला.